सीताफळाचे उत्तरेकडील भावंड

परदेशातील मराठी घरांत सीताफळाची आठवण निघाली की ती केवळ चवीपुरती थांबत नाही. मराठवाड्यातून आलेल्यांना बालाघाटाचे डोंगरउतार आणि दौलताबादच्या रस्त्याकडेला मांडलेल्या टोपल्या आठवतात. पुणे जिल्ह्यातून आलेल्यांना सासवडचा बाजार आठवतो. घरी आणून आढी घातलेली फळे, त्यांचे डोळे उघडले की नाही हे दिवसातून चार वेळा पाहणे, आणि थुंकलेल्या काळ्या बियांचा अंगणात पडलेला सडा, हे सारे त्या आठवणीत येते. इथे कॅनडात ही हौस भारतीय दुकानातील गोठवलेल्या गराच्या डब्यावर किंवा महागड्या चेरिमोयावर भागवावी लागते. काही उत्साही मंडळी कुंडीत सीताफळाची बी रुजवतात. रोप उगवते, उन्हाळ्यात बाहेर चांगले वाढतेही. मात्र पहिल्या हिमाआधी त्याला घरात आणावे लागते आणि खिडकीपाशी पानगळ होऊन ते सहा महिने मुकाट उभे राहते.

याच कॅनडात सीताफळाचे एक सख्खे म्हणावे असे भावंड रानात उगवते, उणे वीस-पंचवीस अंशांची थंडी सोसते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याचे इंग्रजी नाव पॉपॉ, शास्त्रीय नाव असिमिना ट्रायलोबा. हे झाड कुणी आणून लावलेले नाही. ते इथलेच, पण दुर्मीळ आहे. देशभरात ते नैसर्गिकरीत्या केवळ दक्षिण ओंटारिओत, ईरी सरोवराच्या उत्तरेकडील पट्ट्यात आणि नायगरा परिसरात, तुरळक ठिकाणी आढळते.

या पट्ट्याला कॅरोलिनियन प्रदेश म्हणतात. विंडसरपासून टोरांटोपर्यंत सरोवरांच्या कडेने पसरलेला हा टापू कॅनडाच्या एकूण भूमीच्या एक टक्काही नाही, पण देशातील सुमारे चौथा हिस्सा लोक तिथे राहतात. मिसिसागा, हॅमिल्टन, लंडन, विंडसर या शहरांत राहणारी आपली अनेक कुटुंबे त्यांतच मोडतात. सरोवरांच्या पाण्यामुळे इथली थंडी थोडी सौम्य आणि उन्हाळा थोडा लांब असतो. म्हणून ट्युलिप वृक्ष, सॅसाफ्रास, काळा अक्रोड अशी दक्षिणेकडील झाडे इथवर येऊन पोहोचली. पॉपॉ त्यांतलेच. या झाडाच्या निवासाचे उत्तरेकडील शेवटचे टोक म्हणजे आपले ओंटारिओ.

नाते किती जवळचे, हे सांगायला लिनियसची साक्ष पुरे आहे. १७५३ साली त्याने वनस्पतींना नावे दिली तेव्हा सीताफळाला 'अनोना स्क्वामोसा' म्हटले आणि पॉपॉला 'अनोना ट्रायलोबा'. दोघांचे आडनाव एकच होते. पुढे १८१७ मध्ये पॉपॉला असिमिना या वेगळ्या प्रजातीत घालण्यात आले, तरी कुळ तेच राहिले. अनोनेसी नावाच्या या कुळात दोन हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्या बहुतांशी उष्ण प्रदेशातल्या आहेत. रामफळ त्यात येते, लक्ष्मणफळ म्हणून विकले जाणारे सावरसॉप येते. आपल्या अंगणातला हिरवा चाफा येतो आणि शाळा-कचेऱ्यांच्या कुंपणाशी सरळसोट उभा असलेला खोटा अशोकही येतो. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात हिमात उभे राहण्याची हिंमत जवळपास एकट्या असिमिनानेच केली.

सीताफळ ज्याने जवळून पाहिले आहे त्याला पॉपॉच्या झाडाखाली उभे राहिल्यावर ओळख पटायला वेळ लागत नाही. झाड लहानखुरे, दोन-तीन पुरुष उंचीचे, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे. पाने मात्र हातभर लांब, लोंबती; इथल्या मेपल-ओकच्या रानात ती परकी वाटतात. पान चुरगळले की ढोबळी मिरचीसारखा उग्र वास येतो. फूल पाने येण्याआधी, एप्रिल-मेमध्ये उमलते. काळपट तांबडे, तीन-तीन पाकळ्यांच्या दोन वेढ्यांचे, खाली मान घातलेले असे हे फूल. त्याचा वास किंचित कुजकट असतो, कारण त्याचे परागण मधमाश्या करत नाहीत; मांसाच्या वासाला भुलणाऱ्या माश्या आणि लहान भुंगेरे करतात. सीताफळाच्या फुलांकडेही मधमाश्या फिरकत नाहीत. तिथेही बारीक भुंगेऱ्यांवरच काम भागते. फळ आंब्याच्या आकाराचे, हिरवट पिवळे, गुळगुळीत सालीचे. सीताफळाचे डोळे त्याला नाहीत. आत पिवळसर, साईसारखा गर आणि त्यात दोन ओळींत बसलेल्या चपट्या, काळपट तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या बिया. चवीला कुणी केळे म्हणतो, कुणी आंबा. आपल्या माणसाच्या तोंडी पहिला शब्द 'सीताफळ' हाच येईल, असे मला वाटते. उत्तर अमेरिका खंडातील मूळच्या खाद्यफळांत हे सर्वांत मोठे.

साम्य आणखीही आहे. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारण्यासाठी वापरतात आणि ती डोळ्यांत जाऊ नये म्हणून आई बजावते, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. पॉपॉपासूनही उवांवरचा शाम्पू तयार करतात. दोन्ही झाडांत अॅसिटोजेनिन नावाची कडू, विषारी द्रव्ये असतात. त्यामुळेच डोंगरावरच्या सीताफळाला शेळी तोंड लावत नाही आणि इथे हरीण पॉपॉची पाने सोडून बाकीचे रान खाते. पण फुलपाखरांच्या एका घराण्याने हे विष पचवले आहे. मुंबई-पुण्यात खोट्या अशोकाभोवती भिरभिरणारे हिरव्या ठिपक्यांचे टेल्ड जे आपली अंडी सीताफळाच्या कुळातील झाडांवर घालते. त्याच घराण्यातील काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे झेब्रा स्वॅलोटेल इकडे केवळ पॉपॉच्या वंशावर वाढते. ओंटारिओत ते आता क्वचितच दिसते, कारण अळीला खायला पॉपॉच पुरेसे उरले नाहीत.

नावांची गोष्टही थोडी गमतीची आहे. 'असिमिना' हा शब्द इथल्या आदिवासी राष्ट्रांच्या भाषेतून फ्रेंचांनी उचलला; क्वेबेकमध्ये फळाला आजही असिमिन म्हणतात. 'पॉपॉ' मात्र पपईवरून, निव्वळ गैरसमजाने आलेले नाव. कॅरिबियन दुकानात पॉपॉ मागितले तर हातात पपईच पडेल, हे लक्षात असू द्यावे. आपल्याकडचा घोटाळा याहून मोठा आहे. सीताफळ आणि रामफळ या नावांमुळे ही फळे रामायणकाळापासून इथलीच आहेत असे अनेकांना वाटते. दोन्हींचे मूळ अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशात आहे, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली असे बहुतेक अभ्यासक मानतात. नाव पुराणातले आहे एवढ्याने झाडाचे वय सिद्ध होत नाही. मात्र हाच निकष आपल्यालाही लावून घ्यायला हवा. भारहुतच्या बौद्ध स्तूपावरील एका शिल्पातील फळ म्हणजे सीताफळ, असे अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७९ च्या आपल्या ग्रंथात म्हटले होते. ऐकायला सुखावणारी गोष्ट. पण दगडात कोरलेले खवलेदार फळ दुसरेही असू शकते, आणि इतर विद्वानांनी ती ओळख तेव्हापासून वादग्रस्त ठरवली आहे. शिल्प आपल्या परंपरेचे आहे म्हणून पुरावा बळकट होत नाही.

आता या झाडाच्या दुर्मिळतेकडे वळू. पहिले कारण उघड आहे. कॅरोलिनियन प्रदेशाची जमीन कॅनडातील सर्वांत सुपीक जमिनींपैकी एक. ती शेतीसाठी, मग शहरांसाठी मोकळी केली गेली. एसेक्स परगण्यात तर मूळ जंगलाचे तुकडेच उरले आहेत. दुसरे कारण झाडाच्या स्वभावात आहे. पॉपॉ मुळांपासून फुटवे काढत पसरतो. एका बीजापासून पन्नास-शंभर खोडांची दाट राई उभी राहते. पाहणाऱ्याला वाटते, वा, किती झाडे! वस्तुतः ते एकच झाड असते. आणि पॉपॉचे फूल सहसा स्वतःच्या झाडाचा पराग स्वीकारत नाही. कुक्षी आधी पक्व होते, पराग नंतर सुटतो. आणि स्वतःचा पराग पोहोचला तरी बहुधा फळ धरत नाही. जवळपास वेगळ्या वंशाचे दुसरे झाड नसेल तर राई दरवर्षी फुलते आणि फळाविना राहते. जंगल तुटले, राया एकमेकींपासून दूर पडल्या, माश्या एवढे अंतर जात नाहीत. अशा कितीतरी राया हिरव्यागार असूनही जवळजवळ निष्फळ आहेत.

हे वाचताना काहींना बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिविषयक निबंध आठवेल. सजातीय विवाहाची बंद कोठडी हेच जातीचे मर्म, असे त्यांनी त्यात दाखवून दिले होते. मलाही तो आठवला. तरी हा दृष्टान्त मी पुढे ओढणार नाही. निसर्गाकडे बोट दाखवून समाजाचे नियम ठरवण्याची खोड जातिव्यवस्थेच्या समर्थकांची आहे. जात चूक आहे हे सांगायला आपल्याला झाडाच्या दाखल्याची गरज नाही.

झाडाचा आणि माणसाचा खरा संबंध वेगळा आहे, तो भुकेचा. सीताफळ हे आपल्याकडे दीर्घकाळ बागाईतदाराचे फळ नव्हतेच. ते डोंगरावर, गायरानात, पडीक जमिनीवर आपोआप येई. ज्यांना स्वतःची जमीन नव्हती त्या बायाबापड्या पहाटे डोंगर चढून ते तोडत आणि टोपली डोक्यावर घेऊन एसटी स्टँडवर विकायला बसत. आता बीडच्या सीताफळाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, अंबाजोगाईत सीताफळ संशोधन केंद्र आहे, सुधारित वाणांच्या बागा आहेत. ही प्रगती चांगलीच. पण ज्या भूमिहीनांच्या हक्कासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिसत्याग्रह उभारले, त्यांच्या पोरांच्या पोटात हंगामात दोन सीताफळे गेली ती गायरानातलीच, हे विसरता येत नाही.

पॉपॉची हकीकत तशीच आहे. आदिवासी राष्ट्रे हे फळ शतकानुशतके खात आली. त्याचा उत्तरेकडचा प्रसार त्यांच्याच हातून झाला असावा, असे काही संशोधकांचे मत आहे. १८०६ च्या सप्टेंबरात लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीवरून परतताना शिधा संपला, तेव्हा त्या तुकडीने पॉपॉवर दिवस काढले. अमेरिकेत त्याला 'गरिबाचे केळे' म्हणत. आणि आफ्रिकन-अमेरिकन लोकस्मृतीत पॉपॉला मोठी जागा आहे. मळ्यावर राबणाऱ्या गुलामाला मालक मोजून शिधा देई. रानातल्या या फळावर मालकाचा हिशेब चालत नसे. रात्री नदीकाठच्या झाडीतून उत्तरेकडे पळणाऱ्यांनाही ते वाटेत मिळे.

ही वाट ज्या मुक्कामी संपत होती तो मुक्काम म्हणजे पॉपॉचाच कॅनडातील मुलूख. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामी संपली होती. म्हणून डेट्रॉइट नदी ओलांडून विंडसर, अॅमहर्स्टबर्ग, चॅटम, ड्रेस्डेन या भागांत हजारो माणसे येऊन राहिली. चॅटमजवळ १८४९ मध्ये बक्स्टन वसाहत सुरू झाली. तिथे प्रत्येक कुटुंबाला पन्नास एकर जमीन, एकरी अडीच डॉलर दराने, हप्त्याने मिळत असे. तिथली शाळा इतकी चांगली होती की आसपासचे गोरे शेतकरीही आपली मुले तिच्यात घालू लागले. जमीन मिळाली ती दलदलीची, घनदाट अरण्याची. ती तोडून मोकळी करणे ही अटच होती. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर शेत झालेल्या माणसाने झाड तोडले, म्हणून त्याला कोण दोष देईल? पण त्या काळात साऱ्याच वसाहतकारांच्या कुऱ्हाडीखाली जे रान गेले, त्यात पॉपॉही गेला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, हे आपण मुलांना सांगतो. ती मुक्ती जिथे माणसांनी प्रत्यक्ष जगली ती गावे टोरांटोहून साडेतीन-चार तासांच्या अंतरावर आहेत. नॉर्थ बक्स्टन येथे संग्रहालय आहे. १९२४ पासून दर सप्टेंबरच्या लेबर डेच्या सुट्टीत तिथे पूर्वजांच्या वंशजांचा मेळा भरतो. पॉपॉ पिकू लागतो तोही त्यानंतर लगेचच.

बाजाराने पॉपॉकडे पाठ फिरवली, कारण पिकलेले फळ बाहेर दोन-तीन दिवसही टिकत नाही आणि हलक्या धक्क्याने काळे पडते. सुपरमार्केटला असले फळ नको असते. त्याच्यावर आज पद्धतशीर संशोधन होते ते केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीत. ही संस्था १८८६ साली कृष्णवर्णीय शिक्षक घडवण्यासाठी स्थापन झाली. देशभरातील पॉपॉंचा वंशसंग्रह तिथे जतन केलेला आहे, आणि तिथे तयार झालेल्या एका वाणाला अॅटवुड असे नाव आहे. रुफस अॅटवुड हे त्या संस्थेचे तीन दशकांहून अधिक काळ अध्यक्ष होते. शिक्षणसंस्था उभारण्याचे मोल जाणणाऱ्या आपल्या समाजाला हे नाव ऐकून बरे वाटेल.

आता प्रत्यक्ष लागवडीचे. ज्यांच्या घरामागे थोडी जागा आहे आणि जे दक्षिण ओंटारिओत राहतात त्यांनी हे झाड अवश्य लावावे. कॅल्गरी, एडमंटन, विनिपेगच्या वाचकांना मात्र खोटी आशा दाखवू नये. तिथली थंडी त्याला झेपत नाही. व्हँकुव्हरला झाड जगते, परंतु उन्हाळा थंड असल्याने फळ पिकायला कठीण जाते. हिमाविना साधारण दीडशे-एकशे साठ दिवस मिळाले तर फळ धरते.

एक झाड लावून उपयोग नाही. किमान दोन, आणि तीही वेगवेगळ्या वंशाची हवीत. एकाच वाणाची दोन कलमे म्हणजे एकच झाड. रोपवाटिकेतून आणायची तर दोन निरनिराळी वाणे घ्यावीत. कलमे साधारण तीन-चार वर्षांत फळतात, बियांपासूनची झाडे पाच ते आठ वर्षे घेतात. दोन झाडांत तीन मीटरच्या आसपास अंतर ठेवावे. मुळे खोल आणि नाजूक असल्यामुळे जागा एकदाच ठरवावी. नंतर हलवलेले झाड सहसा रुसते. पहिली एक-दोन वर्षे कोवळ्या रोपाला भर उन्हापासून जपावे लागते, पुढे मात्र ऊन जितके जास्त तितके फळ अधिक. मेमध्ये फुले आली की एका झाडाचा पराग मऊ कुंचल्याने दुसऱ्या झाडाच्या फुलात लावावा. महाराष्ट्रातही सीताफळाच्या बागांत चांगली फळधारणा व्हावी म्हणून हाताने परागण करतात. तेव्हा गावाकडच्या कुणा नातलगाला विचारले तर कुंचला कसा धरायचा तेही कळेल.

जंगलातून रोपे उपटून आणू नयेत. राष्ट्रीय आणि प्रांतिक उद्यानांत ते बेकायदा आहे, आणि फुटवा तोडून आणला तरी त्याला स्वतंत्र मुळे क्वचितच असतात. भारतातून येताना सीताफळाच्या बिया-रोपे आणायची असतील तर कॅनडियन फूड इन्स्पेक्शन एजन्सीचे नियम आधी पाहावेत.

खाण्याबाबतही दोन शब्द. फळ हाताला मऊ लागले आणि वास सुटला की मगच खावे. साल आणि बिया टाकून द्याव्यात. प्रथमच खाणाऱ्याने थोडेसेच खाऊन पाहावे, कारण काहींना मळमळ होते. गर वाळवून वड्या किंवा पोळी करू नये. वाळवलेला गर अनेकांना बाधतो. या कुळातील फळांत अॅनोनॅसिन नावाचे, मज्जातंतूंना अपायकारक ठरू शकणारे द्रव्य असते. तेव्हा हे हंगामातले हौसेचे फळ समजावे, रोजचा आहार करू नये. बासुंदी मात्र उत्तम होते, आणि तिची रीत आपल्याला माहीत असलेलीच आहे: दूध आटवून पूर्ण गार करायचे आणि गर शेवटी मिसळायचा. उकळत्या दुधात घातला तर सीताफळाप्रमाणेच याचाही सुगंध उडून जातो.

पॉपॉचा हंगाम आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन एकाच सुमारास येतात. ऑक्टोबरच्या कार्यक्रमाला कुणी शेतकऱ्यांच्या बाजारातून ही फळे आणली, तर बिया कचऱ्यात जाऊ देऊ नयेत. त्या वाळू द्यायच्या नाहीत. वाळलेली बी मरते. धुऊन, ओलसर मॉसमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. सुमारे शंभर दिवसांचा गारवा त्यांना लागतो. जानेवारीअखेर काढून खोल कुंडीत, उबदार जागी पेराव्यात. बराच काळ वर काहीच दिसत नाही, कारण आधी मूळ खाली उतरत असते. कोंब बहुधा एप्रिल उजाडल्यावर दिसतो. म्हणून कुंडी रिकामी समजून कुणी मार्चमध्येच फेकून देऊ नये. आणि निरनिराळ्या घरांनी निरनिराळ्या बाजारांतून आणलेल्या फळांच्या बिया एकमेकांत वाटून घ्याव्यात, म्हणजे प्रत्येकाच्या अंगणात दोन वेगळ्या वंशांची झाडे उभी राहतील.